सिस्टर येऊ देत

"डॉक्टर, हा जंतुसंसर्ग नाही," ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षं त्या जखमा बांधत आल्या होत्या, पण मोठ्या डॉक्टरांना तोंडावर असं बोलायची ही पहिलीच वेळ. समोर न्हावीमामा उघड्या छातीने बसलेले. पेसमेकर बसवला होता तिथे लालभडक चट्टा. चार महिन्यांत तीनदा अँटिबायोटिक बदलून झालं होतं. आता सोमवारी ती पेसमेकरची डबी काढून दुसऱ्या बाजूला तशीच नवी बसवायची ठरली होती. मामांचं हृदय त्या डबीच्याच जोरावर चालायचं. पुन्हा चिरफाड म्हणजे जिवाशी खेळ.

"मग काय आहे?" डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली.

"ताप नाही, पू नाही, रक्त दरवेळी स्वच्छ. नुसती खाज. मघाशी मी विचारलं, धातूचं काही अंगाला लागलं की खाजतं का? मामा, तुमच्या कात्रीचं सांगा की यांना!"

मामा ओशाळले. "कड्यांना दोरा गुंडाळतो, साहेब. तीस वर्षं झाली. नाहीतर बोटं उलतात. पण कात्रीचा नि हृदयाचा काय संबंध, म्हणून तुम्हाला बोललो नाही कधी."

"धातूच सोसत नाही यांना," सिस्टर म्हणाल्या. "तीच डबी परत बसवलीत तर परत हेच होणार." बोलून गेल्या खऱ्या, आणि आता बोलणी खायची म्हणून पट्ट्या आवरू लागल्या. डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं.

त्वचेच्या डॉक्टरांनी मामांच्या पाठीवर वेगवेगळ्या धातूंच्या टिकल्या चिकटवल्या. दोन दिवस अंघोळ बंद! सिस्टरचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपलं चुकलं तर हसं होईल ते होवो, पण मामांचे दिवस फुकट जातील त्याचं काय? तिसऱ्या दिवशी टिकल्या निघाल्या. डबीच्या धातूच्या टिकलीखालची कातडी लालबुंद होती.

नवी डबी आली ती सोन्याचा मुलामा दिलेली. "बायकोला सांगू नका हं," मामा म्हणाले, "बांगड्या करून मागेल." तीन महिन्यांत छाती अशी स्वच्छ झाली की चट्टा कुठे होता ते शोधावं लागे.

पुढे एका सकाळी सिस्टरना यायला जरा उशीर झाला. वॉर्डात एका नव्या बाईंच्या खाटेभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. बाईंनाही पेसमेकर, तशीच खाज. एकाने पट्टीला हात घातला.

"थांब," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी चार महिने चुकलो होतो, त्यांनी एका प्रश्नात ओळखलं. सिस्टर येऊ देत."

दारात उभ्या सिस्टरनी ते ऐकलं. त्या बेसिनपाशी गेल्या आणि रोजच्यासारखेच, अजिबात घाई न करता, कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. सगळे थांबले होते.