टवळीचा विरह

ब्रॉयलर कोंबडीला दोनच कामं येतात, खाणं आणि बसणं. पाच-सहा आठवड्यांत छाती अशी फुगते की पायांना ती पेलत नाही. तोवर व्यापाऱ्याची गाडी येते म्हणून बरं. त्यापुढं जगायची सोय तिच्यात केलेलीच नाही.

मागच्या वर्षी आमच्या शेडवर गाडी भरताना एक कोंबडी पोत्यांमागे राहून गेली. माणसं क्रेट चढवून निघून गेली, तेव्हा ही बाहेर आली. माझी बायको म्हणाली, “राहू दे टवळीला.” मी हसलो. म्हटलं, आठवडाभरात लोळेल.

लोळली नाही, कारण बायको तिला उपाशी ठेवायची. सकाळी मूठभर खाद्य, की संपलं. मग हातात काठी घेऊन अंगणभर चालवायची. “ऊठ टवळे! बसलीस तर मरशील!” टवळी दिवसभर कोकलायची आणि बायको तिच्यावर कोकलायची. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघींचं सात जन्मांचं वैर आहे. टवळी वर्षभर जगली. तिच्या बरोबरीच्या कधीच लोकांच्या पोटात पचून गेल्या होत्या.

मग बायकोच गेली. डोकं दुखतंय म्हणून दुपारी पडली, ती उठलीच नाही.

दुःखात माणसाला काही सुचत नाही म्हणतात. आमच्याकडे आलेल्यांना एकच सुचत होतं, खायला घालणं. माझी थोरली बहीण, ताई, मुक्कामालाच राहिली. दुसऱ्याच दिवशी तिला टवळी दिसली.

“अरे, या मुक्या जिवाची काय दशा केलीस? तुझ्या बायकोची लाडकी ना ही?”

“लाडकी होती म्हणूनच उपाशी होती. ताई, तिला काही घालू नकोस. जास्त खाल्लं तर मरेल ती.”

“खाऊन कुणी मरतं का रे? बायको जाऊन दोन दिवस नाही झाले आणि हा तिच्या कोंबडीच्या तोंडचा घास काढतोय, बघा!”

बघा म्हणजे भेटायला आलेल्यांना. त्यांनी बघितलं, च्च च्च केलं. त्या दिवसापासून जो तो टवळीसाठी खिशातून काहीतरी आणायला लागला. बायकोच्या हयातीत ज्यांनी कधी दारात पाऊल ठेवलं नाही, ते तिच्या कोंबडीला हातानं भरवून डोळे पुसत होते.

मी खाद्याच्या खोलीला कुलूप घातलं. ताईनं पाव कुस्करून घातला. मी टवळीला शेडमागे कोंडलं. ताईनं जाळीतून बिस्किटं सारली. काठी घेऊन उठवायला गेलो, तर ताई आडवी आली. “आता मारणार का तिला?” टवळी तोवर उठेनाशी झाली होती. बसल्या जागी चोच तेवढी चालायची.

एका सकाळी ती पाण्याच्या भांड्याजवळ उताणी सापडली, पाय वर.

“विरह, दुसरं काय!” ताई हुंदके देत म्हणाली. “मुकं पाखरू, पण माणसांना लाजवलंन.”

शेजारी माना डोलवत होते. एकानं तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, कोंबडी गेली, मग हा अजून कसा बसलाय?

मी सुरी आणली आणि टवळीला चिरलं. काळजाभोवती बोटभर चरबी होती. ताईला दाखवली. म्हटलं, “हा बघ विरह. पिवळा असतो.”

ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. घरात जरा बरं वाटलं.

पुढं नवी पिल्लं आली. ती शेडमध्ये सोडत होतो, तेवढ्यात ताई मागे येऊन उभी राहिली. तिनं एक पिल्लू उचललं.

“यातलं एक ठेव ना रे, तिच्या आठवणीला. मी नाही काही घालणार. शप्पथ.”

“ठेवलं असतं. पण उपाशी कोण ठेवणार?”

“तू ठेव.”

“दिवसभर ओरडतात गं ताई. मला नाही ऐकवत. ते तिलाच जमायचं.”

ताईनं पिल्लू खाली ठेवलं. ते धडपडत उठलं आणि खाद्याच्या ताटलीकडे पळालं.