पाऊण इंचीच्या पेट्या

आमच्या दुकानात चूक कधी कोणाचीच नसे. जवळच्या पनागर गावच्या दुकानदाराला पाइपच्या अर्धा इंची एल्बोऐवजी पाऊण इंचीच्या वीस पेट्या गेल्या, तर शीटनं खाल्लं. कागदोपत्री चाळीस नळ आणि रॅकवर सव्वीस, तर शीटनं खाल्लं. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत, आमचं नळ-पाइपच्या सामानाचं ठोक दुकान, आणि शीट म्हणजे संगणकावरची एक्सेलची फाइल. दोन हजार तीनशे ओळींची. उघडायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात चहा पिऊन कप विसळून व्हायचे. तिच्यात कोणीही काहीही लिहावं, कोणीही पुसावं, नाव कोणाचंच राहत नव्हतं.

ती फाइल बाबांनी, म्हणजे बाबारावांनी, चौदा वर्षांपूर्वी स्वतः शिकून बनवली होती. तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत वह्या होत्या, त्यामुळे बाबांना तिचा भारी अभिमान. मी गीतांजली, त्यांची एकुलती एक. सहा वर्षांपासून दुकान बघते आणि सगळ्या जगाला अक्कल शिकवण्याची मला हौस. मी तीनदा म्हटलं, आता मालाचा हिशेब ठेवणारं नीट सॉफ्टवेअर घेऊ. तिन्ही वेळा आडवी आली ती आई. संगणकाशी तिचा संबंध त्याच्यावर फडकं मारण्यापुरता, असं मी समजत होते.

"काहून बदलायची? चालून राहिलं ना?"

"आई, काही चालून नाही राहिलं. रोज घोळ आहे."

"मी आहे तोवर शीटले हात लावू नको. मंग कर तुले काय करायचं ते."

जुन्या गोष्टींना चिकटून बसायची सवय, दुसरं काय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आई रोज दुपारी डबा घेऊन दुकानात यायची आणि चार वाजेपर्यंत हलायची नाही. मला तेव्हा गोदामावर जावं लागे. जाता जाता मी चिडवायचे, "इतका पहारा काहून? बाबा पळून जातील काय?" ती हसून म्हणायची, "काय भरवसा!"

मागच्या वर्षी जानेवारीत आई गेली. न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर शीट अधाशासारखी खाऊ लागली. रोज कोणाचा तरी माल परत, रोज कोणाची तरी शिवी. घरात दुःख आहे, हे आम्ही समजून घेतलं. पनागरच्या दुकानदारानं काहून समजून घ्यावं? तो दुसरीकडे गेला. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी दम धरला, आईच्या शब्दाचा तेवढा मान राखला, आणि पुढच्याच आठवड्यात सॉफ्टवेअर आणलं.

ते बसवायला अक्षत नावाचा हसरा मुलगा आला. त्यानं प्रत्येक पेटीवर बारकोडची पट्टी चिकटवली आणि आम्हा तिघांना, म्हणजे मला, बाबांना आणि माल बांधणाऱ्या नंदाला, आपापलं नाव आणि पासवर्ड दिला. आता जी नोंद होईल ती नावानिशी आणि वेळेनिशी. महिन्यानं तो पहिला अहवाल दाखवायला आला. आम्ही तिघंही काउंटरपाशी जमलो.

"दीदी, अब पता चलेगा, गडबड कहाँ से होती है," म्हणत त्यानं बटण दाबलं.

महिन्यात त्रेपन्न चुका. खरं सांगते, मला नंदाचं नाव दिसेल असं वाटलं होतं. नंदाच्या दोन निघाल्या आणि माझी एक. बाकी सगळीकडे बाबाराव, बाबाराव, बाबाराव. एकच माल दहा मिनिटांत तीनदा जमा केलेला. "अंकलजी को थोड़ी ट्रेनिंग दे देंगे," अक्षत म्हणाला, पण कोणीच हसलं नाही. बाबांनी बोट फिरवत सगळी यादी वाचली. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"शीटच बरी होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

नंदा मला मागच्या खोलीत घेऊन गेली.

"दीदी, तुम्हाले खरंच नव्हतं माहीत? काकू चार वर्षांपासून मोजून राहिल्या होत्या. काकांचं जेवण झालं की ते त्या लाकडी तखतावर झोपायचे. मंग काकू रॅक मोजायच्या, मी लिहून घ्यायची, आन त्या एका बोटानं शीट दुरुस्त करायच्या. मले शपथ घातली होती. म्हणे, गीताले सांगू नको, ती बापाले घरी बसवून देईल."

मी बसवलंच असतं. प्रेमानं, औषधं वेळेवर देऊन, पण बसवलंच असतं. मी तिथेच पेट्यांना टेकून रडले. आईचा रागही आला. चार वर्षं एकटीनं ओढलं आणि मी बाई तिला पहारेकरी म्हणत होते.

बाबांना नागपूरला डॉक्टरकडे नेलं. तिलवाऱ्याच्या पुलावर त्यांनी नर्मदेला हात जोडले आणि विचारलं, "आपण कुठं चाललो?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, वाढणार म्हणाले, बरा होणार नाही म्हणाले.

परत आल्यावर सॉफ्टवेअरमधून बाबांचं नाव काढलं. 'नक्की काढायचं?' असं त्यानं विचारलं. मी 'हो' दाबलं.

आता माल जातो तो माझ्या आणि नंदाच्या नोंदीवर. पनागरवालाही परत आलाय. जुन्या संगणकावर जुनी शीट आहे, ती बाबा भरतात. तिच्यावरून एक पेटीही हलत नाही, हे त्यांना माहीत नाही. दुपारी डबा मी नेते. ते तखतावर पडले की रॅक मोजते, नंदा लिहून घेते, आणि मी शीट दुरुस्त करते. एरवी मोजायची काही गरज नाही. पण सकाळी शीट आणि रॅक जुळले की बाबा दिवसभर खुशीत असतात.

परवा अशीच मोजत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं वाटलं.

"इंदिरा," ते म्हणाले.

इंदिरा आईचं नाव. नंदाचा हात लिहिता लिहिता थांबला.

"पाऊण इंचीच्या पेट्या दोनदा मोजत जा. माझा घोळ तिथंच होते."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चार वर्षं ते डोळे मिटून पडत होते, झोपत नव्हते.

"मोजते," मी म्हटलं.

"आन गीताले सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हटलं, आणि पाऊण इंचीच्या पेट्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.