अकरावा फर्मा, दुसऱ्यांदा

छापखान्यात तिला सगळे पट्टीताई म्हणत. कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी ती अंबाड्यात खोचून ठेवायची आणि मग छापखानाभर विचारत फिरायची, "माझी पट्टी कुणी घेतली?" एवढं सोडलं तर बाइंडिंगमध्ये तिचा हात कुणी धरू शकत नसे. पण त्या महिन्यात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या लाडक्या लेखिकेचं दुसरं पुस्तक आलं होतं, आणि आलं होतं ते थेट तिच्याच टेबलावर.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती विशीत होती. आईच्या मनाविरुद्ध लग्न ठरवून ती घरातून निघाली, त्या दिवशी आईने तिची बॅग भरून दिली, पण तोंडातून शब्द काढला नाही. इस्त्री केलेल्याच कपड्यांवर पुन्हा इस्त्री फिरवत बसली. गाडी चुकली. "मुद्दाम केलंस तू," असं तोडून बोलून पट्टीताई पुढच्या गाडीने गेली. बॅगेत तिने स्वतःच्या हाताने ठेवलं होतं ते फक्त ते पुस्तक.

पुढे आईशी बोलणं सुरू झालं, पण ते हवापाण्याचं आणि गुडघेदुखीचं. आईने निघतानाही आपल्यावर राग काढला, हा सल काही गेला नाही. पुस्तक मात्र इतकं वाचलं गेलं, की त्याची शिलाई तिला पुन्हा पुन्हा घालावी लागली. दुसरं येईल म्हणून ती वाट बघत राहिली. मुलं मोठी झाली, नवऱ्याला टक्कल पडलं, लेखिका आपली ढिम्म.

आणि आता ते समोर होतं, पण सुट्या फर्म्यांत. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक ताव, घड्या घातलेला. असे फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येकातला एकेक उचलायचा, की पुस्तक जुळलं. तळाशी फर्म्याचा आकडा असतो, तो बघून उचलायचं. गंमत अशी, की यंत्रावरून फर्मे येतात वाटेल त्या क्रमाने. शेवट आधी, सुरुवात मागाहून. एवढी वाट बघून शेवट आधी वाचायचा? छे! पट्टीताईने शपथच घेतली. घड्या घालताना ती छताकडे बघायची आणि जुळणी करताना भिंतीकडे.

"मान आखडली का, ताई?" फोरमनने विचारलं.

"नाही हो. पुस्तक फार सुंदर आहे."

"वाचलंत?"

"एक अक्षर नाही."

फोरमनने कपाळावर हात मारून घेतला.

पुस्तकं बांधून झाल्यावर कामगारांना एकेक प्रत मिळाली. पट्टीताईने किती तरी प्रती उलटसुलट करून त्यातली सगळ्यात देखणी उचलली.

घरी ती रोज थोडंसंच वाचायची. "तिने लिहायला लावला तेवढाच वेळ तू वाचायला लावणार," नवरा म्हणायचा. लावणारच! पुस्तक नुसतं चांगलं नव्हतं, ते अचाट होतं. एखाद्या वाक्याशी ती थबकायची, पुस्तक मिटायची आणि भिंतीकडे बघत बसायची. माणसाच्या पोटातलं माणसाला असं कसं दिसतं, याचं तिला नवल वाटायचं.

एका रविवारी दुपारी ती त्या प्रसंगापाशी आली. मुलगी दूरगावी नोकरीला निघालीय. आई बॅग भरते, पुन्हा सगळं उपसते, पुन्हा घड्या घालते. बाहेर टॅक्सी खोळंबलीय, मुलगी वैतागलीय, आई गप्प. पट्टीताईचे दात आवळले गेले. अशाच असतात या बायका! शेवटी मुलगी निघते, दार लागतं.

तिने पान उलटलं, तर पुन्हा तीच सकाळ. तीच बॅग, तीच आई, शब्द न् शब्द तोच. पट्टीताईच्या अंगावर काटा आला. काय धाडस बाईचं, तेच पुन्हा सांगतेय! पण ते तेच नव्हतं. आता शेवटी दार लागणार हे पट्टीताईला माहीत होतं. आई बॅगेतून एकेक कपडा काढू लागली, तसा तिचा जीव त्या हातांत अडकला. अजून एक काढ गं, ती मनात म्हणाली. अजून एक. टॅक्सी गेली खड्ड्यात. दार लागलं तेव्हा ती हमसून हमसून रडत होती.

डोळे पुसून तिने पान उलटलं, तर मुलगी एकदम आजी झालेली! मग तिने तळाचे आकडे पाहिले. अकरा, अकरा, तेरा. भिंतीकडे बघत बघत तिनेच अकरावा दोनदा उचलला होता आणि बारावा गाळला होता.

ती रडता रडता हसायला लागली. नवरा धावत आला. "काय झालं?"

"माझ्या हातून चूक झाली."

"मग हसतेस काय?"

"चुकले म्हणून तर कळलं रे," ती म्हणाली.

सोमवारी तिने फोरमनला सांगून टाकलं. त्याने तोंडाचा पट्टा सोडला आणि सगळा साठा तपासायला लावला. बाकीच्या प्रती ठीक निघाल्या. उरलेला बारावा फर्माही रद्दीच्या ढिगात सापडला.

"द्या इकडे, जादाचा अकरावा काढून टाकतो," फोरमन म्हणाला.

"हात लावू नका त्याला!" पट्टीताई इतक्या जोरात ओरडली, की यंत्रावरची माणसं वळून बघायला लागली. दोन्ही अकरावे तसेच ठेवून तिने बारावा त्यांच्या मागे शिवला.

जेवणाच्या सुट्टीत तिने आईला फोन लावला. गुडघ्यांची चौकशी झाली, मग ती म्हणाली, "आई, त्या दिवशी तू इस्त्री केलेल्या कपड्यांवर परत इस्त्री करत होतीस. मी अजून थोडी थांबावी म्हणूनच ना?"



"कुणी सांगितलं तुला?"

"एका बाईच्या पुस्तकात वाचलं."

"अगं बाई! तिला कसं कळलं?" आईचा आवाज अगदी बारीक झाला. "पुढची गाडी संध्याकाळची होती. तेवढी दुपार तरी मिळाली मला."

पट्टीताईने अंबाड्यातली पट्टी काढली, पुन्हा खोचली.

"रविवारी येते मी," ती शेवटी म्हणाली. "पुस्तक घेऊन. तुला वाचून दाखवते."

"ये," आई म्हणाली. "पण सावकाश वाच हं."