मृदुलाचं पोट

मृदुला मोहिते माणसाच्या पोटाकडे आधी बघायची, तोंडाकडे नंतर. नागरवाड्यातल्या आखाड्यात ती मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायची, आणि सुटलेलं पोट दिसलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. नवरा समरजितही त्यातून सुटला नव्हता. पणजोबा महाराजांच्या फौजेत आणि तुम्ही फाफडा-जिलेबीच्या रांगेत, असं ती त्याला भर पाहुण्यांत ऐकवायची. तो बापडा हसून आणखी एक जिलेबी उचलायचा.

कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढावा लागला होता. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले आणि तिने ठरवलं, नवा स्तन करून घ्यायचा, पण कृत्रिम पिशवी नको, आपल्याच अंगातलं काहीतरी हवं. गोत्री भागातल्या डॉक्टर पारेखबेन म्हणाल्या, पोटाच्या चरबीतून होईल. एवढं ऐकून बाई उठल्या. पुढचं ऐकायला थांबली तर ती मृदुला कसली! पोटाचं ऑपरेशन म्हणजे पोट आधी कडक करायला हवं, असं तिने परस्पर ठरवलं आणि घरच्या घरी असा व्यायाम केला की विचारू नका.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दोन बोटांनी तिचं पोट चिमटून पाहिलं. मग जरा खाली सरकून पुन्हा चिमटलं.

"अरे मृदुलाबेन, माल क्यां गयो?"

मृदुला अभिमानाने म्हणाली, "जाणार कुठे? कमी केला. तुम्हाला सोपं जावं म्हणून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. चरबीच नाही तर स्तन कशाचा करणार? दुसरा मार्ग पाठीतून होता, तिथला मोठा स्नायू वळवून पुढे आणायचा. हे ऐकल्यावर मात्र मृदुलाचा चेहरा उतरला. दोरीवर अंग वर ओढतो तोच हा स्नायू. तो दिला तर आपण जन्मभर खाली उभं राहून शिट्टी वाजवायची, हे तिला लख्ख दिसलं आणि ती घाबरली.

"आणि पोटातून घेतलं तर तिथला स्नायू कापणार नाही?"

"स्नायू जागेवरच राहतो. वरची कातडी आणि चरबी घ्यायची, तिला रक्त देणारी बारीक नस बरोबर घ्यायची. ती नस स्नायूच्या मागून येते. बाहेरून शोधत गेलं तर स्नायूवरचं आवरण बरंच उघडावं लागतं. रोबोने आम्ही लहान छिद्रांतून पोटात शिरतो आणि नस आतल्या बाजूने सोडवतो. आवरणाला चीर छोटीच पडते."

"रोबो म्हणजे तो आपल्या मनाने करतो?"

"छे. मी पलीकडे बसून हात हलवते, तो तसाच हलतो."

"तुमचा हात थरथरला तर?"

"ती थरथर तो पुढे जाऊ देत नाही."

"आणि तुम्हाला शिंक आली तर?"

पारेखबेन हसल्या आणि तिला सरळ सरावाच्या मशीनसमोर घेऊन गेल्या. मृदुलाने भिंगांना डोळे लावले, कड्यांत बोटं अडकवली. आतली दोन इवलीशी मनगटं तिच्या मनगटांबरोबर वळली. माणसाचं मनगट वळणार नाही इतकी वळली. तिने भिंगांपासून चेहरा बाजूला केला तर यंत्राचे दोन्ही हात होते तिथे गप्प उभे राहिले. शिंकेचं उत्तर मिळालं. मग तिने रबराची रिंग उचलून पाहिली, आणि पारेखबेन घड्याळाकडे बघेपर्यंत ती काही तिथून उठली नाही.

पाठीला हात लावायचा नव्हता, म्हणून पोट परत आणणं आलं. चरबी पोटावरच येईल याची हमी डॉक्टरांनी दिली नाही, पण थोडं थांबू म्हणाल्या. व्यायाम बंद, खाणं सुरू. समरजितची तर दिवाळीच झाली. मोहनथाळ, श्रीखंड, वरणावर तुपाची धार, आणि वर "पणजोबांची आण आहे, खा" असा आग्रह. तिला स्वतःची लाज वाटायची. आरशासमोर ती पोट चिमटायची आणि वाढलंय म्हणून खूश व्हायची, मग त्या खुशीचीच चिडचिड व्हायची.

ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आल्यावर नर्सने नव्या स्तनावर पेनासारखं एक यंत्र टेकवलं. त्यातून फुस्स, फुस्स असा आवाज आला.

"ये किसका आवाज है?" मृदुलाने विचारलं.

"आपका ही खून है. नई जगह पे चल रहा है."

ती पुन्हा पुन्हा ऐकवायला सांगत राहिली.

डॉक्टरांनी दोरीवर चढायची परवानगी दिली तोवर पुढचे काही महिने गेले होते. आखाडा रिकामा असताना ती गेली. तिची जुनी विद्यार्थिनी रसिका, आता तिच्याच हाताखाली शिकवणारी, दोरी धरून उभी होती. मृदुलाने हात वर टाकले आणि अंग ओढलं. पाठ मजबूत होती. पोटही कुरकुरत का होईना, साथ देत होतं. जमिनीपासून पुरुषभर वर गेल्यावर ती हसली.

मग तिने दोरी छातीशी घेतली आणि थांबली. उजवीकडे दोरी टोचत होती. डावीकडे काहीच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिथली जाणीव येईल किंवा येणारही नाही. पण ऐकणं वेगळं. लहानपणापासून दोरी कुठे आहे हे तिला बघावं लागलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

"मॅडम, खाली येता का?" रसिका घाबरली.

"नाही," मृदुला म्हणाली. तिने मान वाकवून दोरीकडे नीट पाहिलं. "दोरी डावीकडे टेकली की मला सांग. शिकते मी."