सलूनमधली खुर्ची

आमचा फुकट दवाखाना सुरू झाला तो एका सलूनमध्ये, सलूनवाल्या काकांच्या सुट्टीच्या दिवशी. दातांची खास खुर्ची घ्यायची ऐपत नव्हती. काकांची खुर्ची मागे कलायची, तेवढ्यावर भागायचं. माझा धाकटा भाऊ दात काढायचा, काका रुग्णाचं डोकं धरून त्याला गप्पांत गुंतवायचे आणि आरशाखालच्या फळीवरून मी औषधं द्यायचे. दाराबाहेर ही रांग. काही महाभाग तर दात काढून झाल्यावर केसही कापून मागायचे, आणि काका कापून द्यायचे. माझा नुसता जीव जळायचा.

आता आमची दुमजली इमारत आहे. औषधांची खिडकी वेगळी, दातांच्या चार खुर्च्या, त्याही बटण दाबलं की हलणाऱ्या.

काल काका सुजलेला गाल घेऊन आले. भावाने तोंडात पाहिलं आणि त्याचा पारा चढला.

"काका, ही दाढ कैक वर्षांपासून किडलीय. आपण दोघं एकाच खुर्चीपाशी उभे असायचो. तेव्हाच दाखवायला काय झालं होतं?"

काका गाल धरूनच म्हणाले, "खुर्ची रिकामी कधी होती?"