विहीणबाईंची सही

“सही तं मी करनार नाही, इवाईबुवा. च्या घ्या, थंडा होऊन राहिला.”

एवढं बोलून वच्छलाबाई पुन्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसल्या आणि त्यांच्या रहाटाची घरघर सुरू झाली. पॉवर हाऊसमधलं हजेरीचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारून, कोराडीहून पहिली बस पकडून मी पाचपावलीत आलो होतो, आणि ह्या बाईला चहाची पडलेली! मी कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मी बसलो तरी माझे पाय बसत नाहीत, असं आमच्या घरी म्हणतातच.

पण त्या दिवशी पायांना कारण होतं. माझी पोर प्रेमिला ही वच्छलाबाईंची सून. त्यांच्या हेमराजशी लग्न होऊन ती अमेरिकेत गेली. लग्नावर मिळणारं तिथं राहण्याचं कार्ड आधी कच्चंच असतं, अटीवरचं, दोन वर्षांचं. मुदत संपत आली की नवराबायकोने मिळून लिहून द्यायचं, आमचं लग्न खरं आहे. मग अट निघते आणि कार्ड पक्कं होतं. आमच्या पोरीवर नवऱ्यानं हात उचलला. एकदा नाही, अनेकदा. शेवटी तिने तिथल्याच कोर्टातून फारकत घेतली. आता अट काढायला ती एकटी. त्यात हेमराजने तिथल्या ऑफिसला पत्र टाकलं, की हिने कार्डासाठीच माझ्याशी लग्न केलं.

एकोणनव्वदचा डिसेंबर अर्धा सरला होता. दोन फेब्रुवारीच्या आत पुरावे पोचले नाहीत तर पोरीला देश सोडावा लागणार होता. “बाबा, परत यायची मला लाज नाही,” तिने लिहिलं होतं, “पण खोटी ठरून मी येणार नाही.” ते पत्र खिशात घालून मी आठवडाभर नुसता येरझाऱ्या घालत होतो. लग्न खरं होतं, एवढं सासूने सहीनिशी लिहून द्यावं म्हणून त्या दिवशी आलो होतो.

“हेमराज म्हनते, कशावरच सही करू नको,” रहाट न थांबवता वच्छलाबाई म्हणाल्या. “एकच पोरगं हाय मले. दर शनिवारी गुलाबचंदच्या दुकानात त्याचा फोन येते. बाकीचे सहा दिवस मी शनिवारचीच वाट पाहून राहते.”

“अन् माह्या पोरीले कोन हाय तिथं?” माझा आवाज चढला. “कपाळाले टाके पडले तिच्या, इहीनबाई! तुमच्या पोरानं मारलं!”

रहाट थांबला. मला वाटलं, आता बाई मला घराबाहेर काढते.

“त्याच्या बापाचाही हात असाच होता,” त्या म्हणाल्या, आणि सुताचा तुटलेला धागा शोधत बसल्या.

मला माझीच लाज वाटली. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरात येऊन मी काय आरडाओरडा लावला होता! लग्नपत्रिका आणि फोटोंची पिशवी उचलली आणि दारात चपला घालू लागलो.

“थांबा जी!” वच्छलाबाई उठू लागल्या. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, आणि डावा पाय मागून ओढत. “तिचा व्हिसा कधी आलता?”

“दसऱ्याच्या वक्ती.”

“अन् गेली कधी?”

“जानेवारी संपता संपता. चार महिन्यांची मुदत होती.”

“दिवाळीत मी आंगनात पडली, खुबा मोडला. हेमराज तिले फोनवर फोन करून राहिला होता, निघून ये म्हनून. गेली नाही पोरगी. तीन महिने माहं हगनं-मुतनं काढलं तिनं. मी भिंत धरून चालाले लागली, तवा गेली.” त्यांना धाप लागली. “कार्डासाठी लगन केलं असतं तं दुसऱ्याच दिवशी इमानात बसली असती. काहून थांबली असती? हे लिवून चालते का?”

चालतं म्हणजे काय! इतके दिवस मी पत्रिका आणि फोटो गोळा करत फिरलो, पण हे काही माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. उलट तेव्हा “व्हिसा वाया जाईल, जा आता” म्हणून पोरीच्या मागे लागलो होतो तो मीच. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर डोळे पुसले.

दुपारी कोर्टाच्या आवारातल्या टायपिंगवाल्याला फार घाई होती.

“आजी, नातं काय टाकू?”

“सासू.”

“पन फारकत झाली म्हंता ना? मंग आता...”

“सासू टाक, बापू.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने टाइप केलं, वच्छलाबाईंनी डगमगत्या अक्षरांत सही केली आणि नोटरीने शिक्का मारला.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कागद हातात आला होता, मला आता बस गाठायची होती. पण वच्छलाबाई म्हणाल्या, “आज शनिवार हाय. दुकानापर्यंत चाला जी मासोबत.” मी गेलो.

सात वाजता फोन वाजला. “वच्छलाबाई, अमेरिका!” गुलाबचंद ओरडला. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, त्या सगळ्यांनी कौतुकाने वाट करून दिली. वच्छलाबाई पाय ओढत गेल्या आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“हेमराज, सही केली म्या,” त्या हळूच म्हणाल्या. “जे झालं तेच लिवलं.”

मी शेजारीच उभा होतो. तिकडचा चढलेला आवाज मला ऐकू आला, मग तिकडून खट्कन फोन ठेवल्याचा आवाज झाला आणि फोनमध्ये नुसती घूंघूं सुरू झाली.

वच्छलाबाईंनी रिसीव्हर कानावरून काढला नाही.

“जेवला का?” त्यांनी विचारलं. जरा थांबल्या. “थंडी असन नं तिकडं. सेटर घालत जाय.” पुन्हा थांबल्या. “हो, हो. माहा पाय बरा हाय. बरं मंग, शनिवारी कर.”

त्यांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.

“बेटा ठीक है ना?” तराजू धरून गुलाबचंदने विचारलं.

“बरा हाय जी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तुमाले नमस्कार सांगतला त्यानं.”