ओकुमुरा-सानची संवादवही

मी वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, ओसाकाच्या एका दुकानातून विकत घेतलेली. आत्ता मात्र हॉलंडमधल्या हूफडॉर्पचं शूटिंग आटपून निघालेल्या टॅक्सीत, चारुताच्या मांडीवर जीव मुठीत धरून पडलेय.

माझे मालक ओकुमुरा-सान, जपानी नट. काय नाही केलं हो या माणसाने! जर्मन सिनेमात स्वयंपाकी, कोरियन सिनेमात सेनापती, स्पॅनिशमध्ये पाद्री, डच मालिकेत तर चक्क गाईंचा दलाल. यातली एक भाषा धड येईल तर शपथ! ऐकलेले उच्चार जपानी अक्षरांत माझ्यात उतरवायचे आणि घोकायचे. "माझ्या तोंडी दुसऱ्याचा आवाज नको," हा त्यांचा हट्ट. तीस वर्षांत डबिंग म्हणून होऊ दिलं नाही.

पण वर्षभरापासून ओळी निसटायला लागल्या. तशात हा मराठी सिनेमा आला. म्हाताऱ्या शेजाऱ्याची भूमिका, एकच वाक्य: "पोरी, जाऊ नकोस, मी एकटा पडेन." ॲमस्टलवेनला आमच्या शेजारी राहणाऱ्या चारुताने ते शिकवलं. ही पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. दोन महिने रोज सकाळी तेच वाक्य. "ओकुमुरा-सान, काल तर परफेक्ट होतं!" म्हणताना ती रडकुंडीला यायची. माझं पान झिजलं, वाक्य काही टिकेना. मला मेलीला तोंड असतं तर मीच म्हटलं असतं.

आज सात टेक वाया गेले. दिग्दर्शक उल्हास वैतागला. "सर, नुसतं वन टू थ्री म्हणा, ओठ हलले की झालं. बाकी डबिंगमध्ये बघू." मराठी सिनेमात सर्रास चालतं म्हणे ते. ओकुमुरा-सान मात्र एवढंसं तोंड करून उभे राहिले. मग जपानीत मोजू लागले. एक, दोन, तीन, चार... आणि थांबले. पुढचा आकडाच सापडेना. डोळे भिरभिरले, हनुवटी थरथरली.

"कट! वा सर, काय हतबलता दाखवलीत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारुताने तेवढं मला छातीशी घट्ट धरलं.

आता टॅक्सीत त्यांनी कोटाची बटणं नीट लावली आणि विचारलं, "चारुता, आपला शॉट कधी आहे?"

ती माझं झिजलेलं पान चाचपतेय. बाई गं, पाया पडते तुझ्या, खोटं बोल. उद्या आहे म्हण.